छोट्या हाय-फाय संचात डग्गा घुमतो आणि गायकाचा आवाज दबतो. अ‍ॅम्प्लिफायर बदलावा का?

खर्जाचा_सा यांचा प्रश्न:

नमस्कार. निवृत्तीनंतर शास्त्रीय संगीत निवांतपणे ऐकता यावे म्हणून मी तीन महिन्यांपूर्वी एक साधा संच जमवला. पाच इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे) दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर आणि २५ वॅटचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर नवा घेतला, सीडी प्लेअर घरात होताच. खर्च सुमारे २८,००० रुपये झाला. दुकानात ऐकताना तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजारवी झणकार, स्वच्छ कळत होती. घरी मात्र विलंबित ख्याल लावला की डग्ग्याचा प्रत्येक घुमारा फुगून अंगावर येतो, त्याखाली गायकाचे शब्द दबतात आणि गाणारा जणू कपाटात बसून गात आहे असे वाटते. मध्यलयीत तर एक ठोका संपण्याआधीच दुसरा त्यात मिसळतो.

फ्लॅट पुण्यात आहे. दिवाणखाना १० बाय १४ फूट, छत साडेनऊ फुटांवर, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आणि भिंती मोकळ्या. स्पीकर दहा फुटी भिंतीतील शोकेसच्या दोन कप्प्यांत, टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले आहेत; समोरच्या भिंतीला टेकून सोफा आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि ९,००० रुपयांची खास स्पीकर-वायर घेतल्याशिवाय हा दोष जाणार नाही. वडिलांनी जमवलेल्या भीमसेन जोशी आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या ध्वनिमुद्रणांसाठीच हा सारा खटाटोप आहे, त्यामुळे आणखी पैसे घालण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

तरफेची_तार यांचे उत्तर:

आपण तूर्त एक रुपयाही खर्च करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुकानात जे स्पीकर चांगले वाजले ते घरी येऊन बिघडलेले नाहीत. बदलली आहे ती खोली, आणि त्याहूनही अधिक त्यांची जागा.

आधी वॅटचा हिशेब पाहू. अशा स्पीकरची संवेदनशीलता बहुधा ८५ ते ८७ डेसिबल असते, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. घरात आपण ज्या पातळीवर ख्याल ऐकतो तिला सरासरी एक वॅटही पुरतो. समेवरचा जोरकस ठोका किंवा तार षड्जाची पुकार आली तरी दहा-पंधरा वॅटमध्ये भागते. २५ चे ५० वॅट केल्याने कमाल पातळी फक्त ३ डेसिबलने वाढेल आणि घुमणे तसेच राहील, कारण जे घुमत आहे ते अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नाहीच.

घुमण्याची कारणे दोन आहेत. पहिले शोकेस. स्पीकर भिंतीलगत आला की खालच्या स्वरांना त्या भिंतीचा आधार मिळतो आणि त्यांची पातळी ६ डेसिबलपर्यंत वाढू शकते. कप्प्यात तर चहूबाजूंनी फळ्या असतात, शिवाय फळी स्वतःही थरथरते. स्पीकरच्या मागे हवेसाठी नळी असेल तर तिचे तोंड कप्प्याच्या पाठीला भिडलेले असणार. गायक कपाटात बसल्यासारखा वाटतो असे आपण लिहिले आहे, त्याचे कारण हेच आहे.

दुसरे कारण खोलीची मापे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक कंपने अडकून राहतात आणि त्यांतले सर्वांत खालचे कंपन भिंतींमधील अंतराच्या दुपटीने ध्वनीच्या वेगाला भागल्यावर मिळते. आपल्या खोलीची १४ फूट लांबी सुमारे ४१ हर्ट्झ देते आणि त्याची दुप्पट ८१ हर्ट्झच्या आसपास येते; १० फूट रुंदी ५७ आणि साडेनऊ फुटांची उंची ६० हर्ट्झ देते. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे ५७ ते ६० च्या पट्ट्यात दोन्हींची भर एकाच जागी पडते. दारे-खिडक्यांमुळे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण डग्ग्याचा घुमारा याच भागात वावरतो आणि गायकाचा षड्ज काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) असेल तर तानपुऱ्याची खर्जाची तारही ६९ हर्ट्झवर बोलते. त्यात आपला सोफा भिंतीला टेकलेला, आणि लांबीच्या दिशेने अडकलेल्या कंपनांचा दाब भिंतीपाशीच सर्वाधिक असतो.

म्हणून स्पीकर शोकेसमधून बाहेर काढावेत. मागच्या भिंतीपासून निदान दीड-दोन फूट आणि बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट अंतर ठेवले तर दोघांमध्ये साधारण सहा फूट राहतील. ऐकताना खुर्ची स्पीकरच्या भिंतीपासून नऊ फुटांच्या सुमारास घ्यावी. अगदी मध्यावर, म्हणजे सात फुटांवर, बसू नये, कारण तिथे ४१ हर्ट्झ जवळजवळ नाहीसे होते आणि ८१ मात्र फुगते. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीला हवा. तयार स्टँड महाग असतात. सुताराकडून जड लाकडाची मजबूत घडवंची करून घ्यावी, तिच्यावर कडप्प्याचा तुकडा ठेवावा आणि स्पीकरच्या चार कोपऱ्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे द्यावेत. माझ्याकडे अशी व्यवस्था अनेक वर्षे आहे आणि तिच्यात मला कधी उणीव जाणवलेली नाही.

मग टाळी वाजवून पाहा. उघड्या भिंतींच्या खोलीत टाळीमागून एक झणझणीत शेपूट ऐकू येते आणि तेच जवारीला खरखरीत करते. जमिनीवर स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरावी. बाजूच्या भिंतीवर एकाने हातआरसा सरकवत न्यावा. खुर्चीत बसलेल्याला ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथे दुहेरी घडी केलेली गोधडी भिंतीपासून दोन बोटे सुटी टांगावी. डग्ग्याच्या घुमाऱ्यावर मात्र गोधडीचा काही उपयोग होत नाही, कारण इतक्या लांब लहरींपुढे दोन-तीन इंच कापड नगण्य ठरते. तो आवरायचा उपाय जागा बदलणे हाच.

कथिल_आणि_डाग यांचे उत्तर:

मी तीस वर्षे दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे वायरपुरते लिहितो. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या लवचिक वायरीचा तीन मीटरचा जोड घेतला, तर जाऊन-येऊन रोध ०.०८ ओहमच्या आसपास भरतो. सहा-आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो कानाला कळत नाही. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा घराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ही वायर मीटरवर मिळते. घेताना एक तंतू ब्लेडने खरवडून पाहावा. आत पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे, ते घेऊ नये.

स्पीकर हलवताना जोडण्या सुटतील, तेव्हा लाल-काळ्याची अदलाबदल होऊ देऊ नका. शंका आली तर वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवून तिला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलचे धन टोक लाल वायरीला लागल्यावर वूफरचा पडदा बाहेर सरकला पाहिजे, आणि दोन्ही स्पीकरवर सारखाच.

खर्जाचा_सा (आठ दिवसांनी):

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. घडवंच्या तयार होईपर्यंत धीर धरवला नाही, म्हणून दोन सारख्या स्टुलांवर स्पीकर मांडले. पहिल्याच दिवशी घुमणे निम्म्याहून कमी झाले, पण नवीच अडचण उभी राहिली: डग्गा एकदम पोकळ झाला आणि गायक खोलीत नेमका कुठे आहे हेच कळेना. बालगंधर्वांचे एक जुने पद लावले. ते ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारे, असल्याने आवाज बरोबर मध्यातून यायला हवा होता, तो दोन्ही कानांच्या बाहेर पसरलेला वाटत होता. सेल लावून पाहिल्यावर उजव्या स्पीकरचा पडदा आत गेला. वायर उलटी करताच आवाज मध्यावर येऊन स्थिर उभा राहिला.

एक शंका उरली आहे. रात्री हळू आवाजात ऐकताना खर्ज अजिबात पोहोचत नाही. हा दोष जागेचा की स्पीकरचा?

मांडवीकाठची यांचे उत्तर:

दोष दोन्हींचा नाही. पातळी खाली गेली की मानवी कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले होते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांवर लाउडनेसचे बटण असे ते यासाठीच. आपल्याकडे ते नसेल तर रात्रीपुरता बास थोडा वाढवावा आणि सकाळी आठवणीने मूळ जागी आणावा.

दुसरे म्हणजे छताचा पंखा. मी पणजीत राहते, इथल्या उकाड्यात पंखा बंद करणे सोपे नाही हे मला ठाऊक आहे; तरीही आलापीच्या सुरुवातीची दहा मिनिटे तो बंद ठेवून पाहा. तानपुऱ्याचा सर्वांत बारीक भाग, तार सुटल्यानंतर रेंगाळणारा, पंख्याच्या आवाजाखाली झाकला जातो आणि आपण उगाच स्पीकरला बोल लावतो.

खर्जाचा_सा:

काल रात्री पंखा बंद करून मन्सूरांची एक सीडी लावली. तानपुऱ्याच्या तारा एकामागून एक वेगळ्या ऐकू आल्या आणि शेवटी येणारी खर्जाची तार पुढचे आवर्तन सुरू झाले तरी मागे रेंगाळत होती. एका तानेत मात्र बारीक खणखण येत होती. ती शोधत गेलो तेव्हा शोकेसची सरकती काच हाताला थरथरताना लागली. खाचेत कागदाची घडी खोचल्यावर ती थांबली. वडिलांची आरामखुर्ची आता ऐकण्याची जागा झाली आहे. तिच्यात बसल्यावर कान जमिनीपासून ३४ इंचांवर येतो आणि माझ्या स्पीकरचा ट्वीटर बुडापासून ९ इंचांवर आहे, म्हणून सुताराला कडप्प्यासह २५ इंचांची उंची सांगितली आहे.