मदत हवी आहे: इलेक्ट्रिक फील्ड दिल्यावर रिलॅक्सर क्रिस्टलमधली ऑर्डर (आतली शिस्तबद्ध मांडणी) खरंच वाढते का?

मंडळी, मी फोंड्याची, एमएस्सी फिजिक्स, प्रोजेक्ट पीएमएन म्हणजे लेड (शिसं) मॅग्नेशियम नायोबेट या रिलॅक्सरवर आहे. यात मॅग्नेशियम आणि नायोबियम एकाच प्रकारच्या जागांवर बसतात, कोण कुठे याला नेम नाही, त्यामुळे साधारण ६२० केल्विनखाली आत नॅनोमीटरभराचे पोलर तुकडे (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण प्रभार असलेले) होतात, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि फील्ड न देता कितीही थंड केलं तरी सरासरी स्ट्रक्चर क्यूबिकच राहतं. पण [१११] दिशेला, म्हणजे क्यूबच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे, साधारण २ किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटर देऊन थंड केलं की २१० केल्विनच्या आसपास रॉम्बोहेड्रल (त्याच दिशेला किंचित ताणलेला क्यूब) फेरोइलेक्ट्रिक फेज येते, म्हणजे सगळीकडे ध्रुवता एकाच दिशेची. इथवर कळलं.

अडलंय ते पुढे. सगळे तुकडे एका दिशेला वळले तर डिफ्यूज स्कॅटरिंग (तीक्ष्ण ब्रॅग पीकभोवती पसरलेला अंधुक सिग्नल, जो या तुकड्यांमुळे येतो) संपायला हवं ना? पण याचाच भाऊबंद पीझेडएन-८ टक्के पीटी (मॅग्नेशियमऐवजी झिंक, वर ८ टक्के लेड टायटनेट), त्यावर २००६ मध्ये आलेल्या न्यूट्रॉनच्या कामात [१११] फील्डने ते संपत नाही, एका बाजूचं कमी होतं नि दुसऱ्या बाजूचं वाढतं. मग ऑर्डर वाढली म्हणायचं का?

आणि पावसात इथली हवा इतकी दमट की कडा स्पिरिटने पुसून, हीटरवर सुकवून हाय व्होल्टेज दिलं तरी थोड्या वेळात लीकेज करंट (क्रिस्टलच्या पृष्ठभागावरून गळणारा) परत चढतो. काय करू?

प्रतिसाद: ताई, ब्रॅग पीक सरासरी सांगतो, डिफ्यूज शेजारपाजारचं. फील्डने कुठल्या दिशेचे तुकडे जास्त ते बदलतं, तुकडे जात नाहीत. त्यामुळे रिपोर्टात लाँग-रेंज नि शॉर्ट-रेंज ऑर्डर वेगवेगळी लिही. कॉलेजच्या कॉपर ट्यूबच्या एक्सआरडीवर (एक्स-रे डिफ्रॅक्शनवर) फार विसंबू नकोस, शिशामुळे किरण काही मायक्रॉनच आत जातात आणि या क्रिस्टल्सचा वरचा थर आतल्यासारखा नसतो, पीझेडएनमध्ये ते दिसलंय. न्यूट्रॉनसाठी ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी आहे, सरांना विचार. लीकेजसाठी सॅम्पल सिलिकॉन ऑइलमध्ये बुडव, थंड करताना मात्र व्हॅक्यूम क्रायोस्टॅटच हवा, नाहीतर वर बर्फ धरेल.

धागाकर्ती: खूप आभार दादा! आधी बिनफील्ड थंड करून मग फील्ड दिलं तर?

प्रतिसाद: तर फेज लगेच येत नाही, थांबावं लागतं, आणि किती ते तापमान नि फील्डवर ठरतं. म्हणून फील्ड दिल्या क्षणापासून करंट वेळेसोबत नोंदव, फेज आली की त्यात उसळी दिसेल.