प्रतिसाद: जाहिरातीआधी नियमावली वाचा

या चर्चेत वर एकाने वास्तुरचनाकाराच्या नव्या फर्मला दरमहा ठरावीक रक्कम इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर घालायचा सल्ला दिलाय. जरा थांबा. आपल्याकडे वास्तुरचनाकाराला सेवेची जाहिरात करायला मुळात मनाई आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे देशातल्या वास्तुरचनाकारांची नोंदणी करणारी संस्था, तिची व्यावसायिक आचारसंहितेची १९८९ ची नियमावली काढून बघा. पाटीवरच्या अक्षरांची उंचीसुद्धा त्यात ठरवून दिलीय, १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही! इंटिरियरवाले आणि बिल्डर होर्डिंग लावतात, म्हणून आपणही लावायचं असं होत नाही. (हे अन्यायाचं आहे का? थोडंफार आहेच.)

पण दारं बंद नाहीत. साइटवर नावाची पाटी लावता येते. कामाची चित्रं आणि माहिती वृत्तपत्रा-मासिकांत येऊ शकते, फक्त त्यासाठी पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. माहितीपुस्तिका छापता येते, पण ती नावानिशी माहीत असलेल्या संभाव्य ग्राहकांनाच द्यायची. ही शेवटची सवलत फार कमी जण नीट वापरतात. पुनर्विकासाच्या विचारात असलेल्या सोसायटीच्या सचिवाला अशी पुस्तिका नेऊन द्या. त्यात थ्रीडी चित्रं कमी आणि दोन पावसाळे काढलेल्या इमारतीचे फोटो जास्त ठेवा. गच्ची गळते का, हे तो विचारणारच, थ्रीडी चित्र कितीही देखणं असो.

आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर व कंत्राटदार यांच्याशी नीट वागा. ड्रॉइंग वेळेवर मिळालं की नाही हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि पुढच्या कामाला नाव बऱ्याचदा तेच सुचवतात.