दिवाळीत कादंबरीमालिकेचे लेखन कसे चालू ठेवावे?

प्रश्न (महाल, नागपूर): माझ्या रहस्यमालिकेचा तिसरा भाग डिसेंबरअखेर प्रकाशकांना द्यायचा आहे, परंतु दिवाळीत पाहुणे, अनारशांची गडबड आणि फटाके यांत सलग तासभरही बसणे होत नाही, आणि भाऊबीजेनंतर हस्तलिखित उघडले की कोणत्या पात्राला कोणते गुपित ठाऊक आहे, हेच आठवत नाही. आपण काय करता?

उत्तर १: सुट्टीपूर्वी प्रकरण संपवून थांबू नका. पात्र दाराची कडी काढत असतानाच लेखणी ठेवा आणि दार उघडल्यावर समोर कोण असेल, एवढेच खाली टिपून ठेवा. शिवाय मालिकेची एक वही असावीच: प्रत्येक पात्राचे वय, जुनी जखम, आणि कोणती गोष्ट त्याला कोणत्या प्रकरणात कळली. आळशी लेखकालाही (म्हणजे आम्हा बहुतेकांना) ती तारते.

उत्तर २: मुळात दिवाळीत लिहिण्याचा हट्ट कशाला? का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही वाचकांची सुगी आहे, आणि अंकांसाठीचा मजकूर पावसाळ्यातच द्यावा लागतो. मालिकेतील एखाद्या दुय्यम पात्राची स्वतंत्र कथा जुलैतच लिहून पाठवावी. नवा भाग येईपर्यंत वाचक मालिकेशी जोडलेला राहतो.

उत्तर ३: दोन्ही मान्य, मात्र डिसेंबरवर फार विसंबू नका. हिवाळी अधिवेशन सुरू झाले की विधानभवनाच्या गर्दीमुळे सिव्हिल लाइन्सकडून वाचनालय गाठण्यातच सकाळ जाते. नोव्हेंबरातल्या पहाटा घरीच वापराव्यात.