मंडळीत काम कोणाच्या हाती दिलंत? कोल्हापूरकरांचे अनुभव

सगळ्यांना सलाम. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडिलांची (कारभार बघणाऱ्या पदाधिकाऱ्यांची) निवड तोंडावर आली आहे. कोणाचं घराणं जुनं, कोणाच्या मागे मतं किती, एवढीच चर्चा कानावर येते. दुसऱ्याला तयार कोण करू शकतो, हे कोणी विचारत नाही, आणि मला तर तोच खरा प्रश्न वाटतो. नाताळला कुठलंही चर्च भरतं, त्याला मी वाढ म्हणत नाही. कोणाच्या हाती काम दिल्याने तुमची मंडळी वाढली, किंवा न दिल्याने खुंटली, ते लिहा. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, पेंटेकॉस्टल, घरसभा, कुठलेही असा. व्यक्तींची नावं मात्र नकोत.

कोडोलीची लेक

सासर कसबा बावड्याला. आमच्याकडे बुधवारी घरसभा असते. पूर्वी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले तरच सभा व्हायची. त्यांच्याकडे आणखी गावं, त्यामुळे कुठे मयत झालं की आमची सभा रद्द. मग नवे पाळक आले. ते म्हणाले, ‘मी येईन, पण मागे बसेन. वचन तुम्ही वाचायचं, प्रार्थना तुम्ही करायची.’ आणि पहिली निवड कोणाची केली, तर भाजी विकणाऱ्या आमच्या काकूंची! काकू चौथी शिकलेल्या, अडखळत वाचायच्या. पाळकसाहेब आदल्या संध्याकाळी येऊन त्यांच्याकडून उतारा वाचून घ्यायचे. न समजलेलं काकू बिनधास्त विचारायच्या.

पहिला उतारा होता बायबलमधला लूक १५, हरवलेल्या नाण्याचा. वाचून झाल्यावर काकूंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘गल्ल्यात दहा रुपये कमी आले तर मी सगळी पोती झटकते. देवबाप आपल्यासाठी तशीच पोती झटकतोय.’ खोलीतल्या बायकांचे डोळे भरून आले. त्यानंतर नुसत्या दारात उभ्या राहणाऱ्या शेजारणीही आत येऊन बसायला लागल्या. त्या पाळकांची पुढे बदली झाली. सभा थांबली नाही, उलट काकूंच्या सुनेकडे दुसरी सुरू झाली.

लेथवाला, उद्यमनगर

तरुण संघाला काय काम, तर खुर्च्या उचला, मांडव घाला, नाताळच्या गाण्यांना, कॅरलला फिरा. हिशोबाच्या जवळ कोण येऊ देत नव्हतं. आमच्या आत्ताच्या खजिनदार काकांनी जोडी लावून दिली. दर रविवारी अर्पण मोजायला एक म्हातारा माणूस आणि एक पोरगा. दोघांची सही झाल्याशिवाय पेटी हलत नाही, आकडा पुढच्या रविवारी फळ्यावर. पैसा कुठं जातोय ते दिसायला लागलं तसं लोकांचे हातही सैल झाले, आणि पोरं उपासनेला वेळेवर यायला लागली. कुणी रागवावं लागलं नाही.

निवृत्त शिक्षक

वरच्या दोन्ही अनुभवांवरून बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये ६ आठवलं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, स्वतः वाटप हाती घेतलं नाही, मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकलाव... सगळी ग्रीक. ज्यांच्या बाजूने तक्रार होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती काम गेलेलं दिसतं. शिष्यांची संख्या वाढल्याचा उल्लेख लगेच पुढे, सातव्या वचनात आहे.

आपल्या गावचंही एक उदाहरण आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म इथलाच, १८६३ चा. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात परदेशी मिशनरी सेवेसाठी शंभर तरुण पुढे आले, त्यामागे रॉबर्टची धडपड मोठी होती. तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला आपण वार्षिक सभेत बोलू तरी देतो का?

गडहिंग्लजकडचा

आमचं उलटं आहे. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, दफनभूमीच्या पावत्या, फाटकाची चावी, सगळं वर्षानुवर्षं एकाच घरात. माझ्या आईच्या मयताला ते गृहस्थ परगावी होते. दुसरी चावी कोणाकडेच नव्हती. पेटी खांद्यावर घेऊन आम्ही फाटकाबाहेर उन्हात ताटकळलो, शेवटी कुलूप तोडलं. नंतर आम्हालाच जाब विचारला. काही घरं तेव्हाच दुसऱ्या फेलोशिपला, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती गटाला, गेली. लोक म्हणतात ती शिकवणुकीमुळे गेली. मी तिथे होतो, ती चावीमुळे गेली.

पूरग्रस्त, शाहूपुरी

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पंच लोक स्वतःच पाण्यात अडकले होते. हॉलमध्ये आसऱ्याला आलेल्यांची औषधांची यादी नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने केली. बीपीच्या गोळ्या कोणाला, इन्सुलिन कोणाला, बर्फाच्या डब्यात काय ठेवायचं, सगळं तिच्या वहीत. तिला कोणी नेमलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर पाळकसाहेबांनी रविवारची शाळा तिच्याकडे दिली. आता तिने शिकवलेल्या मुली लहान वर्ग घेतात.

धागाकर्ता

गडहिंग्लजकर, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. आईंच्या बाबतीत असं व्हायला नको होतं.

बायबलमधल्या १ तीमथ्य ३ मध्ये मंडळीच्या सेवकांची आधी पारख करा, असं सांगितलं आहे. त्या आधारावर मी तीन ठराव मांडतोय. वडिलांनी सलग दोन मुदतींनंतर एक मुदत थांबायचं. प्रत्येक पदाधिकाऱ्यासोबत एक शिकाऊ जोडीदार, आणि निम्म्या जोडीदार बहिणी, म्हणजे मंडळीतल्या स्त्रिया. रजिस्टर आणि चाव्या दोन वेगळ्या घरांत. तुमच्या मंडळीच्या नियमांत असं काही आधीच लिहिलेलं असेल तर तो मजकूर जशाच्या तसा पाठवा. सभा पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे.