टोल्युईनच्या ड्रमवर मराठीत काय लिहावं?

रंगखोली:
आमच्याकडे थिनर आणि रंगाच्या कामाला टोल्युईन लागतं. ड्रमसोबत येणारं सुरक्षापत्रक इंग्रजीत असतं. गोदामात आणि भरणीच्या जागी लावायला मराठी फलक करायचा म्हणून एका भाषांतरवाल्याकडून मजकूर करून घेतला. नमुना बघा:

‘विलायक. अत्यधिक ज्वलनशील द्रव व वाष्प, श्रेणी २. गिळल्यास व वायुमार्गात प्रवेश केल्यास घातक ठरू शकते. दीर्घ अथवा पुनरावृत्त अनावरणाने अवयवांना हानी पोहोचू शकते.’

भरणीवरचा माणूस आठवी-दहावी शिकलेला आहे, पेपर रोज वाचतो. त्याला यातलं किती कळेल? एकेका शब्दाला पर्याय सुचवा.

शब्दखूळ:
अनावरण! पुतळ्याचं ऐकलं होतं, अवयवांचं पहिल्यांदाच. फीत कापायला कोणाला बोलावलंय?

विलायक हिंदीतून आलाय. आपल्या शाळेच्या पुस्तकात द्रावण, द्रावक, द्राव्य असं त्रिकूट आहे, त्यामुळे द्रावक हा शब्द त्या माणसाने सहावी-सातवीत वाचलेला असणार. तरी फलकावर तोही नको. आवारात सगळे सॉल्व्हंट म्हणतात ना? मग सॉल्व्हंटच लिहा, आणि त्याहून मोठ्या अक्षरात टोल्युईन.

वाष्प नको, मराठीत बाष्प.

मिसळणाचा डबा:
ज्वलनशील की ज्वालाग्राही, यावर आधी बोला. टँकरच्या पाठीवर दोन्ही दिसतात.

शब्दखूळ:
माझ्या मते दोन वेगळे शब्द आहेत आणि वेगळेच ठेवावेत. ज्वलनशील म्हणजे जळण्याचा गुण असलेलं. लाकूड ज्वलनशील, कागद ज्वलनशील, गोडंतेलसुद्धा ज्वलनशील. ज्वालाग्राही म्हणजे ज्वाला धरणारं, जवळ ठिणगी गेली की लगेच पेट घेणारं. टोल्युईन दुसऱ्या जातीचं. टँकरवरचं ‘अति ज्वलनशील’ बहुधा हिंदी पाटीची नक्कल असते.

वर्तमानपत्रं तिसराच शब्द वापरतात, ‘स्फोटक रसायन’. ते तर साफ चूक. स्फोटकं म्हणजे डायनामाइट वगैरे, त्यांचा वर्गच निराळा.

प्लांटवरून:
शब्दखूळताईंचा भेद शास्त्रालाही धरून आहे. हा फरक फ्लॅश पॉइंटवर ठरतो, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकं बाष्प ज्या तापमानाला जमतं ते तापमान. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश सेल्सिअस. रॉकेलचा ३५च्या वर. त्यामुळे रॉकेलचा अनुभव टोल्युईनला लावून चालत नाही. आपल्याकडे ऐन थंडीतही गोदाम ४ अंशांवर येत नाही, म्हणजे हे द्रव्य बारा महिने चोवीस तास पेटायला तयारच बसलेलं असतं.

बरेच जण फ्लॅश पॉइंट म्हणजे ‘आपोआप पेटण्याचं तापमान’ समजतात. ते वेगळं, टोल्युईनचं ४८० अंशांच्या आसपास. मराठीत दोन्हींना ‘ज्वलनबिंदू’ म्हणून मोकळं होणारे लोक पाहिलेत. फलकावर हा शब्द घालूच नका. ‘थंडीतही पेटतं’ एवढं पुरे.

नागपूरकर:
शब्दांच्या पायऱ्यांबद्दल थोडं. आमच्या गावात पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं मुख्यालय आहे, त्यामुळे अशी कागदपत्रं डोळ्यांखालून जातात. गंमत बघा. घातक रसायनांच्या १९८९च्या नियमांत, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, ज्वालाग्राही द्रवांच्या चार पायऱ्या आहेत. फ्लॅश पॉइंट २३ अंशांपर्यंत आणि उकळणं ३५च्या खाली असेल तर ‘एक्स्ट्रीमली’. फ्लॅश पॉइंट तोच पण उकळणं ३५च्या वर, तर ‘व्हेरी हायली’. २३ ते ६० ‘हायली’. त्यापुढे ९०पर्यंत नुसतंच ‘फ्लेमेबल’. टोल्युईन ११०-१११ अंशांना उकळतं, म्हणून इथे ते ‘व्हेरी हायली’.

संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस पद्धतीत, म्हणजे रसायनांच्या धोक्यांच्या जागतिक वर्गवारीत, तेच टोल्युईन श्रेणी २, आणि तिथे श्रेणी २ला नुसतं ‘हायली’ म्हणतात. त्याच संयुक्त राष्ट्रांच्या वाहतुकीच्या नियमांत ते वर्ग ३, क्रमांक १२९४, पॅकिंग ग्रुप दोन. पॅकिंग ग्रुप दोनचा अर्थ मध्यम धोका. आणि पेट्रोलियम नियमांत फ्लॅश पॉइंट २३च्या खाली म्हणून थेट क्लास ए, सर्वांत धोक्याचा.

एकच ड्रम एका कागदावर फार जास्त, दुसऱ्यावर जास्त, तिसऱ्यावर मध्यम. आता मराठीत अत्यंत, अतिशय, खूप, फार यांची उतरंड लावून दाखवा.

शब्दखूळ:
लागणार नाही. अत्यंत मोठं की अतिशय मोठं हे कुठल्याच मराठी माणसाला सांगता येत नाही. ‘अत्यंत ज्वालाग्राही’ ठेवा आणि पुढचं आकड्यांवर सोडा.

रंगखोली:
आकड्यांचाही घोळ आहे. आमच्या ड्रमवर चौकटीत उभा केलेला लाल-निळा-पिवळा डायमंड असतो. त्यात लाल घरात ३. जीएचएसमध्ये २. ट्रकवरच्या पाटीवर परत ३. आमचा स्टोअरवाला म्हणतो, दोन नंबर म्हणजे जरा बरं ना, एक नंबर नाही ना?

प्लांटवरून:
त्याचं काही चुकत नाही. चौकटीतला डायमंड अमेरिकन अग्निसुरक्षा संस्थेचा. त्यात ० म्हणजे काही नाही आणि ४ सगळ्यात वाईट, टोल्युईनला आगीचे ३, आरोग्याचे २. जीएचएस उलटं, १ सगळ्यात वाईट. आणि वाहतुकीतला ३ ही तीव्रता नव्हेच, ती जात आहे: वर्ग १ स्फोटकं, वर्ग २ वायू, वर्ग ३ पेटणारे द्रव, वर्ग ८ गंजवणारे. म्हणजे तीन आकडे आणि तिन्हींचे अर्थ तीन तऱ्हेचे.

मिसळणाचा डबा:
आणि श्रेणी हा शब्द आगीत तेल. मराठीत श्रेणी म्हणजे परीक्षेतली. ‘प्रथम श्रेणीत उत्तीर्ण.’ दर्जाचंही तेच, गटही सौम्य. श्रेणी २ वाचून कोणालाही वाटणार की माल दुय्यम आहे. वाहतुकीतल्या जातीला वर्ग ठेवा, तो शब्द रूढ आहे. जीएचएसच्या आकड्यासाठी ‘धोक्याची पातळी’ म्हणा आणि शेजारी ‘१ = सर्वांत जास्त’ असं छापा.

नागपूरकर:
पातळी १ म्हटल्यावर तरी सर्वांत खालची पातळी असंच वाटेल की. पहिला मजला.

मिसळणाचा डबा:
मग आकडा फलकावर नकोच. तो कागदपत्रांपुरता. ज्वालेचं चित्र मोठं छापा.

प्लांटवरून:
मान्य. ‘गट’वरून आठवलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत टोल्युईन गट ३मध्ये आहे, आणि बेंझीन गट १मध्ये. गट ३ म्हणजे ‘कर्करोग होत नाही’ असं नव्हे. ‘हाती असलेल्या पुराव्यावरून वर्गवारी करता येत नाही’ असा त्याचा अर्थ. मराठी बातमीत याचं ‘सुरक्षित गट’ झालेलं वाचलं आहे.

पेणची काकू:
मला रसायनातलं कळत नाही, भाषेचं विचारते. बाष्प म्हणा असं ताई म्हणाल्या. पण बाष्प आम्ही भूगोलात शिकलो, ढगांच्या धड्यात. वाफ का नको?

रंगखोली:
काकू, वाफ म्हटलं की आमची माणसं बॉयलरकडे बघतात. वाफ गरम असते, दिसते, वर जाते. टोल्युईनचं जे निघतं ते थंडच असतं, दिसत नाही, आणि हवेच्या तिपटीहून थोडं जड असल्यामुळे खाली बसतं. जमिनीलगत सरकत गटारात, खड्ड्यात, जिन्याखाली साचतं आणि लांब कुठे ठिणगी मिळाली तर आग तिथून ड्रमपर्यंत परत धावत येते. शॉपवर याला सगळे गॅस म्हणतात. ‘गॅस लागला’ म्हणजे डोकं जड झालं, गरगरलं.

पेणची काकू:
मग गॅसच लिहा. नाहीतरी घरचा सिलिंडरचा गॅससुद्धा जमिनीलगतच बसतो, ते बायकांना पक्कं ठाऊक असतं.

शब्दखूळ:
शास्त्रीय दृष्ट्या गॅस आणि बाष्प वेगळे, पण काकूंचा मुद्दा बिनतोड आहे. ‘टोल्युईनचा गॅस दिसत नाही, खाली साचतो.’ चालेल.

आता ‘गिळल्यास व वायुमार्गात प्रवेश केल्यास’. वायुमार्ग म्हणजे विमानाचा. इंग्रजीत नेमकं काय म्हणायचंय?

प्लांटवरून:
हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पोटात गेल्याने होणारी विषबाधा हा इथला मुख्य मुद्दाच नाही. टोल्युईन पातळ असतं, पृष्ठताण कमी. तोंडात घेतलेल्याचा थोडासा भाग जरी श्वासनळीत उतरला तरी फुप्फुसात पसरतो आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. म्हणून गिळलं तर उलटी करायला लावायची नाही, कारण वर येताना ते पुन्हा त्याच फाट्यावरून जातं. आपल्याकडे मीठपाणी पाजून उलटी काढण्याची सवय आहे, इथे ती जिवावर बेतते. आणि हे तोंडात जातं कसं? ड्रममध्ये नळी घालून तोंडाने ओढताना. पेट्रोल काढतात तसंच.

मिसळणाचा डबा:
मग ‘ठसका’ हा शब्द का नाही वापरत? अन्न चुकीच्या नळीत गेलं की मराठी माणसाला ठसका लागतो. ‘नळी तोंडाने ओढू नका. ठसका लागून फुप्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो. उलटी काढू नका, लगेच दवाखान्यात न्या.’

शब्दखूळ:
वा! सगळ्या धाग्यात हे सर्वांत चांगलं. वायुमार्ग बंद, ठसका चालू.

रंगखोली:
घेतलं. आता अनावरणाचं काय करू? संपर्क लिहिलं तर लोक फक्त हात लागण्याचा विचार करतात. हातमोजे घातले की झालं. प्रत्यक्षात बहुतेक नाकातूनच जातं.

शब्दखूळ:
संसर्ग तर नकोच, तो रोगाचा. एका नामात बसवायचा हट्ट सोडा. ‘रोज-रोज श्वासात किंवा अंगावर आल्यास’ लिहा. मराठीला क्रियापद आवडतं.

प्लांटवरून:
‘अवयवांना हानी’ हेही मोघम आहे. टोल्युईन मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्थेवर जातं. लगेचचा परिणाम गुंगी, चक्कर. वर्षानुवर्षं आलं तर विसरभोळेपणा, ऐकू कमी येणं. पोटातल्या बाळालाही अपाय होत असावा म्हणून जीएचएसमध्ये ‘संशयित’ असा वेगळा शेरा आहे. गुंगी शब्द ठेवा, झिंग नको. झिंगेत मजा आहे, आणि थिनर हुंगणारी पोरं नेमकी त्या मजेसाठीच हुंगतात. एक ओळ वाढवा: ‘वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही.’ नाक थोड्याच वेळात सरावतं.

नागपूरकर:
सगळ्यात फसवा शब्द अजून कोणी काढलाच नाही. रिकामा.

बेंजामिन ली व्होर्फ हे भाषाशास्त्रात गाजलेलं नाव. हा गृहस्थ शिकला केमिकल इंजिनिअरिंग आणि नोकरी केली अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या आगविमा कंपनीत, आगी का लागतात ते तपासण्याची. त्याने लिहून ठेवलंय की पेट्रोलच्या भरलेल्या ड्रमांपाशी लोक जपून वागतात, ‘रिकाम्या’ ड्रमांपाशी बिनधास्त विड्या ओढतात, आणि धोका रिकाम्यांत जास्त असतो. शब्दच माणसाला बेसावध करतो असा त्याचा निष्कर्ष. पुढच्या लोकांनी त्यावर टीकाही केली: बाष्प डोळ्यांना दिसत नाही म्हणून लोक फसतात, शब्द बिचारा काय करणार. पण आपल्या फलकाला दोन्हीकडून तेच लागू.

प्लांटवरून:
टोल्युईनला तर पेट्रोलपेक्षा जास्त लागू. हवेत साधारण १.१ ते ७.१ टक्के टोल्युईन असेल तर मिश्रण पेटतं. पेट्रोलच्या बंद टाकीत बाष्प इतकं दाट होतं की बहुतेक वेळा ते पेटण्याच्या मर्यादेच्या वरच असतं. तळाशी थोडंसं टोल्युईन राहिलेल्या ड्रममध्ये मात्र २०-२५ अंशांना बाष्प भरतं ते तीन-चार टक्के. बरोब्बर मधोमध. गॅसकटर लावून असा ड्रम कापायला घेतला की झाकण उडतं.

रंगखोली:
आमच्याकडचे ड्रम भंगारवाला नेतो, आणि अर्धे वस्तीत पाण्याच्या पिंपाला जातात. कायद्याने तसं देता येत नाही हे आता आम्हाला सांगितलंय, २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत असे डबे-पिंपं अनुसूचीतच आहेत. पण त्यावर लिहू काय? ‘रिकामा’ तर नाही.

पेणची काकू:
खरकटा लिहा की. पातेल्यातलं जेवण संपलं तरी पातेलं रिकामं नसतं, खरकटं असतं. खरकट्याला कोणी हात लावत नाही.

शब्दखूळ:
काकू, तुम्हाला कोशमंडळात घ्यायला हवं.

प्लांटवरून:
शब्द भारी आहे, पण एक अडचण. खरकटं म्हटलं की माणूस नळाखाली धरतो. टोल्युईन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, लिटरला अर्धा ग्रॅम. वर तरंगतं आणि गटारातून जातं. विसळलेला ड्रम खरकटाच राहतो आणि आता गटारही खरकटं होतं.

पेणची काकू:
मग पुढे लिहा, ‘पाण्याने धुऊ नका’.

रंगखोली:
‘खरकटा ड्रम. आत गॅस आहे. कापू नका, धुऊ नका, घरी नेऊ नका.’ पिवळ्यावर काळ्या अक्षरांत, ड्रमच्या झाकणावर. कटिंग आणि वेल्डिंगवाल्यांसाठी हेच हिंदीतही लागेल, ते बहुतेक बिहारचे आहेत. खरकट्याला जूठा चालेल का, की त्यात फक्त अन्नच येतं?

नागपूरकर:
जूठा नको, तो माणसाने तोंड लावलेल्याला. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला विचारून उद्या सांगतो.