नवीन वेबसाईटवर ॲनिमेशन जास्त झालं म्हणून गुगलवर खाली गेलो का?

रावेरकर:
राम राम मंडळी. रावेरजवळ आमची केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची नर्सरी आहे, यंदा वेबसाईट नवीन करून घेतली. दिसते भारी, आधी लोगो फिरतो, मग केळीची पानं हलत हलत बाजूला होतात अन् मग कुठं रोपांची माहिती येते. पण शेतकरी फोन करून सांगतात भाऊ तुमची साईट उघडतच नाही. आधी 'केळी रोपे रावेर' टाकलं की आम्ही वर दिसायचो, आता खाली गेलो. डिझायनर म्हणतो ॲनिमेशनचा अन् गुगलचा काही संबंध नाही. खरं आहे का?

धुळेकर_कोडवाला:
संबंध आहे भो, पण आडून. ॲनिमेशन आहे म्हणून गुगल मागे टाकत नाही, पान किती लवकर दिसतं ते बघतो. मुख्य फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा (एलसीपी), बोट लावलं की २०० मिलिसेकंदांत हालचाल हवी (आयएनपी, हे मार्च २०२४ पासून), अन् वाचता वाचता मजकूर खालीवर उडायला नको. अन् हे आकडे डिझायनरच्या लॅपटॉपवरचे नसतात बरं का, क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांचे, मागच्या २८ दिवसांचे असतात, म्हणजे बांधावर उभं राहून स्वस्तातल्या मोबाईलवर, एक कांडी रेंजमध्ये जो तुमची साईट उघडतो त्याचे.
पण नंबर एवढ्यानंच पडला असं मला वाटत नाही. साईट बदलताना जुन्या पानांचे पत्ते बदलले का? ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) लावलेत का? आधी सर्च कन्सोलमध्ये (आपली साईट गुगलला कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) ते बघा.

भुसावळची_ताई:
दादा, गुगलचं राहू द्या, माणसांचं बघा. मला व्हर्टिगो आहे, सरकत येणारे डबे पाहिले की मळमळतं, मी साईट बंदच करते. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशन कमी करायची सोय असते, मी ती चालू ठेवलीय, पण साईटच्या सीएसएसमध्ये (पान कसं दिसायचं ते ठरवणारा कोड) 'प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन', म्हणजे ती सेटिंग पाळायची सूचना, लिहिलेलंच नसेल तर काय उपयोग? डिझायनरला तेवढं नक्की सांगा. अन् आपोआप हलणारं काही पाच सेकंदांच्या वर चालत असेल तर थांबवायचं बटण द्या, डब्ल्यूसीएजी म्हणजे साईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या नियमावलीतच आहे ते.

रावेरकर:
ताई, हे माहितीच नव्हतं, आजच सांगतो. अन् भाऊ, जुन्या पत्त्यांवर सगळीकडे ४०४ (पान सापडत नाही) येतंय! फिरता लोगो तर काढतोच. पानं ठेवली तर चालतील का, घरच्यांना फार आवडलीत.

धुळेकर_कोडवाला:
मग मेन कारण तेच ४०४, रीडायरेक्ट आधी लावा. पानं ठेवा की, पण गिफ असेल तर काढून छोटा व्हिडिओ टाका, अन् हालचाल फक्त ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं), ओपॅसिटीवर (पारदर्शकपणा) करा, हाइट-विड्थ हलवली की फोनला सगळं पान परत मांडावं लागतं. खाली सरकल्यावरच लोड होणारी माहितीसुद्धा आधीच पानात असू द्या, गुगलबॉट (गुगलसाठी पानं वाचणारा प्रोग्राम) आपल्यासारखा स्क्रोल करत नाही. रोपाचा भाव अन् फोन नंबर आधी दिसू दे, पानं त्याच्या खाली एकदा हलली की बास.