लिबरल आर्ट्समध्ये मेजर: संगीत की अमेरिकन स्टडीज?

नंदा_जर्सी (धागाकर्ती)
मुलगी मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरअखेर मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायचं आहे आणि दोन नावांवर घोडं अडलंय: संगीत आणि अमेरिकन स्टडीज (अमेरिकेचा इतिहास, साहित्य, समाज एकत्र). लहानपणापासून इथल्याच एका बाईंकडे ख्याल शिकली, कॉलेजात गेल्यावर जाझ पियानोचं वेड लागलं. पहिल्या वर्षी स्थलांतराच्या इतिहासाचा एक कोर्स घेतला, तेव्हापासून जेवताना १९६५च्या इमिग्रेशन कायद्यावर बोलत असते.

नवऱ्याचं म्हणणं, दोन्हीत पोट भरायचं नाही, इकॉनॉमिक्स घे. राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर, म्हणून त्याचं बोलणं अगदी उडवूनही लावता येत नाही. माझं मत: संगीत मेजर नको. गाणं तिच्याकडे आहेच, ते कुठे जात नाही. डिग्री अमेरिकन स्टडीजची घ्यावी; वाचायला, लिहायला, पुरावा तपासायला शिकेल. तुमचं काय मत? 'तिला आवडेल ते करू दे' हे उत्तर कृपया नको, ते घरी रोज ऐकते.

खर्जातला
साफ असहमत. "गाणं कुठे जात नाही" असं ज्यांनी कधी रियाज सोडला नाही तेच म्हणू शकतात. विशीत सुटलेला रियाज चाळिशीत परत धरायला बसा, मग कळतं.

मी इथेच संगीतात बी.ए. केलं. बी.म्युझिक नव्हे. कन्झर्वेटरीच्या (फक्त संगीत शिकवणाऱ्या कॉलेजाच्या) बी.म्युझिकमध्ये बहुतेक कोर्स संगीताचेच असतात, बी.ए.त साधारण एक तृतीयांश. म्हणजे उरलेल्या दोन तृतीयांशात वाचन-लेखन भरपूर होतं. संगीतात काय असतं? बाखच्या कोरालवरून (चर्चमधल्या समूहगीतांवरून) चार आवाजांची हार्मनी, मग विसाव्या शतकातलं संगीत, सोबत इअर ट्रेनिंग. सरगम घोटलेल्या मुलांना 'मूव्हेबल डो' पटकन जमतं, कारण षड्ज हलतो तसाच तो डो हलतो. पण हार्मनी रडवते. एक स्वर धरून बसलेल्या कानाला चार आवाज चार दिशांना जाताना ऐकायची सवयच नसते. हे एकट्याने घरी पुस्तक घेऊन होत नाही. शेजारी गाणारे चार जण आणि चूक पकडणारा मास्तर लागतो. स्थलांतराचा इतिहास ती तिसाव्या वर्षीही वाचू शकेल.

आणखी एक: कित्येक कॉलेजांत खाजगी शिकवणीची वेगळी फी असते आणि मेजर असलेल्यांना ती माफ होते. नवऱ्याला सांगा, हिशेबाला बरं.

हिशेबी
नवऱ्याशी सहमत. चार वर्षांचे सव्वातीन लाख डॉलर होतात. न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक मेजरवार तक्ते काढते, ते बघा. लिबरल आर्ट्स आणि परफॉर्मिंग आर्ट्सवाल्यांपैकी अर्ध्याहून जास्त नवे पदवीधर डिग्री न लागणाऱ्या कामात आहेत.

खर्जातला
@हिशेबी, तोच तक्ता पूर्ण वाचा. २०२५ साली आलेल्या आकड्यांत नव्या पदवीधरांची बेकारी कम्प्युटर सायन्समध्ये ६.१ टक्के, कम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये ७.५ टक्के आणि तत्त्वज्ञानात ३.२ टक्के होती.

हिशेबी
तत्त्वज्ञानवाला कॉफी ओतत असला तरी 'नोकरीत' धरला जातो. म्हणून तर मी दुसरा रकाना दाखवला. कोडिंगवाला बेकार बसतो तो मनासारखी नोकरी मिळेपर्यंत.

ग्रंथकीडा
आकडे झाले असतील तर विषयावर येऊ. अमेरिकन स्टडीज म्हणजे अमेरिकेचं कौतुक, असा एक समज आपल्या लोकांत आहे. विषय रुजला तेव्हा, १९३०-४०च्या दशकांत, 'अमेरिकन माणूस म्हणजे काय' असले गोल प्रश्न होते हे खरं. आज तिथे गुलामगिरी, वंश, स्थलांतर, कामगार, आणि हो, ब्लूज आणि जाझ शिकवतात.

आपल्या मुलांनी तो का घ्यावा, तर ही दोन माणसं बघा. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंडला सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तू गोरा नाहीस, म्हणून नागरिकत्व नाही. हा थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता! त्याचे वकील सखाराम गणेश पंडित १९१४ पासून नागरिक होते. निकालानंतर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं. ते स्वतःचा खटला लढले आणि १९२६ साली अपील कोर्टात जिंकले. न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये घर घेऊन बसलेल्या किती जणांना हे माहीत आहे?

आणि मराठीत तर हा विषय कॉलेजांच्या आधीपासून आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये तिथे गेल्या, देशभर फिरल्या आणि १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' लिहिलं. पुढे १९१३ला आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात. थिसिसला विषय शोधत फिरायला नको. मुलीला मराठी वाचता येतं का?

नंदा_जर्सी
बोलते छान, वाचते अडखळत. बंदिशीची वही तेवढी सफाईने वाचते :-)

कडू_कारलं
ग्रंथकीडा, सगळं सुरस आहे, पण हा इतिहास आहे. मग सरळ इतिहास मेजर का नको? तिथे जुन्या कागदपत्रांच्या दप्तरात बसायला लावतात, एकाच पद्धतीची शिस्त लागते. अमेरिकन स्टडीजमध्ये थोडं साहित्य, थोडं समाजशास्त्र, थोडा सिनेमा. चौथ्या वर्षी मुलाला विचारा 'तुझी पद्धत कोणती', तो छताकडे बघतो. शिवाय अनेक कॉलेजांत हा विभाग नसून 'प्रोग्रॅम' असतो, शिक्षक इतिहास आणि इंग्रजीकडून उसने घेतलेले. काटकसर आली की आधी कुऱ्हाड कोणावर? २०२३ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने एका फटक्यात २८ अभ्यासक्रम बंद केले.

संगीताबद्दल खर्जातला यांना एकच नाव सांगतो: विजय अय्यर. येलमध्ये गणित आणि भौतिकशास्त्र केलं, पियानो वाजवतच राहिला, आज हार्वर्डमध्ये संगीताचा प्राध्यापक आहे.

खर्जातला
आणि त्याच्याच बरोबरीचा सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा बोस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजात शिकला आणि प्रिन्स्टनचा जाझ विभाग चालवतो. एकेका नावाने काही सिद्ध होत नाही. अय्यर दाखवून पालक पोरांना फिजिक्सला घालतात, आणि ती पोरं अय्यर होत नाहीत, पियानोही सुटतो.

इतिहास विरुद्ध अमेरिकन स्टडीज यावर मात्र तुमच्याशी सहमत. मुकाट्याने.

ग्रंथकीडा
मी नाही. जाझवर लिहायला इतिहासवाले दप्तर मागतात आणि संगीतवाले नोटेशन मागतात. रेकॉर्ड, क्लबचा परवाना, रेल्वेतला काळ्यांचा वेगळा डबा आणि गाणं हे चारही एका टेबलावर मांडू देणारा विभाग कोणता, ते सांगा.

वाकडची_आई
धागा वाचणाऱ्या भारतातल्या पालकांसाठी, कारण माझा मुलगाही अर्ज करतोय. धागाकर्तीची मुलगी नागरिक असावी. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जाणाऱ्याचं गणित वेगळं आहे. पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिने. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर आणखी २४. संगीत किंवा अमेरिकन स्टडीज स्टेममध्ये बसत नाहीत. एका वर्षात व्हिसा लावणारा मालक शोधायचा, किंवा पुढे शिकायचं, किंवा परत यायचं. त्यामुळे 'मेजरने काही फरक पडत नाही' हे तिथल्या आयांनी आम्हाला सांगू नये.

नंदा_जर्सी
वाकडची_आई, खरं आहे. आमची इथेच जन्मलेली, त्यामुळे हा प्रश्न आला नाही.

काल तिच्याशी बोलले. ग्रंथकीडा यांचं पंडित वकिलांचं प्रकरण तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. आता ती डबल मेजर म्हणते आहे. एकूण ३२ कोर्स, त्यात प्रत्येक मेजरचे दहा-अकरा, आणि जाझचे दोन दोन्हीकडे चालतील म्हणे. माझ्या मनात अजून अमेरिकन स्टडीजच आहे, पण जरा डळमळीत. लॉ स्कूलला कोणतंही मेजर चालतं हे कळल्यावर नवरा थोडा मऊ झालाय. तिने लॉचं नावही काढलेलं नाही, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

कडू_कारलं
डबल मेजर म्हणजे निर्णय न घेण्याची फी.

खर्जातला
फी जास्त पडत नाही, झोप जाते. कागदावर कोर्स बसतात, वेळापत्रकात बसत नाहीत. जाझ बँडची तालीम आणि दुपारचे सेमिनार एकाच वेळी ठेवायची कॉलेजांना खोड असते. आणि शेवटच्या वर्षी इकडे थिसिस, तिकडे रिसायटल (एकटीचा कार्यक्रम), दोन्ही एप्रिलमध्ये. दोन्ही विभाग मिळून एकच प्रकल्प मान्य करतात का, हे तिने मेजर जाहीर करण्याआधी लेखी विचारून घ्यावं. तोंडी 'हो' म्हणणारा प्राध्यापक नेमका त्याच वर्षी सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) असतो.